विसर्जन नसलेले सोंग

देव घडताना ज्याने पाहिला त्याची देवावरची श्रद्धा टिकते की ढळते, हा प्रश्न मूर्तिपूजेइतकाच जुना असला तरी चित्रपटाच्या आगमनानंतर त्याला निराळे वळण मिळाले. मूर्तिकार आपले काम संपवून बाजूला होतो आणि मग पूजा सुरू होते, चित्रपटात मात्र माणूस स्वतःच मूर्ती होऊन उभा राहतो. शाडूच्या गोळ्याला सोंड लावली जात असताना कारखान्याच्या दाराशी उभे राहून पाहणारे मूल चतुर्थीला त्याच मूर्तीपुढे हात जोडते आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही; पण गावाबाहेरच्या माळावर रामाचे काम करणाऱ्या नटाला मुकुट मांडीवर ठेवून चहा पिताना ज्याने पाहिले, त्याने पडद्यावरच्या रामाला नमस्कार केला तर शिकलेल्या माणसाला हसू येते. या हसण्याच्या मुळाशी एक गृहीतक आहे. वस्तू कशी घडली हे कळले की ती काय आहे हेही कळून चुकते, आणि ‘काय आहे’ हे कळले की तिच्यातला देव निघून जातो, असे ते गृहीतक आहे. ते कितपत खरे आहे याचा विचार ग्रंथांच्या आधारे करता येतो, आणि तो येथे केलाही आहे. पण पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांकडे पाहिले तर तो विचार अधिक पक्का होतो.

या भागाचे स्थान या प्रश्नाच्या दृष्टीने मोठे मौजेचे आहे. जव्हार तालुक्यातील जामसरसारख्या गावात उभे राहिले तर पूर्वेकडे मोखाड्यावरून घाट चढत जाणारा रस्ता त्र्यंबकेश्वरला पोचतो, आणि पश्चिमेकडे डहाणू-तलासरीचा पट्टा ओलांडला की गुजरातच्या हद्दीत समुद्राकाठी उंबरगाव लागते. त्र्यंबकेश्वर येथे ३० एप्रिल १८७० रोजी धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे भारतीय चित्रपटाचे जनक मानले जाणारे दादासाहेब फाळके, यांचा जन्म झाला. उंबरगावला रामानंद सागर यांच्या ‘रामायण’ या दूरदर्शन मालिकेचे चित्रीकरण झाले, आणि २५ जानेवारी १९८७ पासून पुढे दीड वर्ष ती मालिका रविवारच्या सकाळी देशभर पाहिली गेली. पडद्यावर देव आणण्याची कल्पना ज्याच्या मनात आली तो माणूस एका बाजूला जन्मला आणि त्या कल्पनेचे घरोघर पोचलेले रूप दुसऱ्या बाजूला चित्रित झाले. मधल्या डोंगराळ मुलखात मात्र या दोन्हींच्या कितीतरी आधीपासून देव आणण्याची एक वेगळी रीत चालत आली आहे. तिला बोहाडा म्हणतात.

बोहाडा हा मुखवट्यांचा उत्सव आहे. होळीनंतर वैशाखापर्यंत, ज्या गावची जी तिथी ठरलेली असेल तिला, ग्रामदेवीच्या नावाने तो भरतो आणि अनेक ठिकाणी काही रात्री चालतो. गावातील माणसे देवदेवतांची, दैत्यांची आणि पुराणांतील वीरांची ‘सोंगे’ घेतात. सोंग म्हणजे हलक्या लाकडाचा किंवा कागदाच्या लगद्याचा रंगवलेला मुखवटा आणि त्याबरोबरचा सगळा वेश. संबळ आणि सनईच्या तालावर एकेक सोंग वाटेने नाचत पुढे येते. गणपतीचे सोंग आधी, मग इतर देवदेवता, भीम, रावण, वेताळ, नरसिंह असे करत शेवटी उजाडण्याच्या सुमारास देवीचे सोंग येऊन महिषासुराचा वध होतो. पूर्वी टेंभ्यांच्या, म्हणजे तेलात भिजवलेल्या चिंध्यांच्या मशालींच्या उजेडात हे सारे चाले, आता विजेच्या माळा असतात. वारली, कोकणा, ठाकर, महादेव कोळी अशा अनेक समाजांची माणसे त्यात असतात, आणि पुष्कळ गावांत अमुक सोंग अमुक घराण्याचे असा मान पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला असतो.

यातील एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. मोठा मुखवटा जड असतो, त्याच्या भोकांतून समोरच्या दोन-चार पावलांपलीकडचे फारसे दिसत नाही, आणि म्हणून नाचणाऱ्याच्या मागे त्याला कमरेशी धरून सांभाळणारा एक माणूस लागतो. हा मागचा माणूस रोजच्याच कपड्यांत असतो. त्याच्या चेहऱ्याला रंग नसतो आणि त्याला लपवण्याचा प्रयत्नही कोणी करत नाही. समोर दहा तोंडांचा रावण असतो आणि रावणाच्या मागे सदरा-पायजम्यातला शेजारी असतो. सोंगाच्या आत कोण आहे हे गावातील पोराटोरांनाही ठाऊक असते, आदल्या दिवशी तो शेतावर दिसलेला असतो, आणि तरीही देवीचे सोंग दारापुढे आले की बाया आरती घेऊन पुढे होतात आणि म्हातारी माणसे वाकतात. घडण उघडी ठेवूनही देव येतो. किंबहुना घडण उघडी असल्यामुळेच तो आपल्या गावचा देव म्हणून येतो, असे म्हणायलाही जागा आहे, कारण त्या मुखवट्याखाली कोण्या परक्याचा श्वास नसतो. वर सांगितलेले गृहीतक पहिल्यांदा इथे अडखळते.

मराठीने ‘सोंग’ या शब्दाला दोन्ही अर्थ दिले आहेत, हे या ठिकाणी लक्षात घ्यावे. आजाराचे सोंग म्हणजे लबाडी, आणि देवीचे सोंग म्हणजे सेवा. एकच शब्द, पण पहिल्यात पाहणाऱ्याला फसवायचे असते आणि दुसऱ्यात पाहणाराही सामील असतो. 

फाळक्यांच्या पहिल्या चित्रपटाचे बाहेरचे चित्रीकरण ज्या गावाने पाहिले त्या गावाची गोष्ट या प्रश्नाला थेट भिडते. ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कोरोनेशन सिनेमॅटोग्राफ या चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. त्याचे बरेचसे काम दादरच्या भाड्याच्या बंगल्यात झाले, आणि उघड्यावरचे प्रसंग घेण्यासाठी मंडळी आजच्या ठाणे जिल्ह्यातील वांगणी या गावी गेली होती. फाळक्यांच्या चरित्रांत असे सांगितले आहे की, मंडळी पुढे गेली होती आणि फाळके मागाहून यायचे होते, तेवढ्यात दाढ्या लावलेले, ढाली-तलवारी घेतलेले अनोळखी पुरुष पाहून गावकऱ्यांना ती दरोडेखोरांची टोळी वाटली, पाटलापर्यंत बातमी गेली आणि पोलिसांनी सगळ्यांना धरून ठेवले. फाळके आले, त्यांनी परोपरीने समजावले, तरी फौजदाराचा विश्वास बसेना. अखेर कॅमेऱ्यात फिल्म न घालता त्यांनी एक प्रसंग फौजदारासमोर करून दाखवला, तेव्हा कुठे सुटका झाली.

या प्रसंगाकडे विनोद म्हणूनच पाहिले जाते, पण वांगणीच्या लोकांचे चुकले ते नेमके कुठे, हे तपासून पाहण्यासारखे आहे. सोंग म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नव्हते असे मानणे कठीण आहे, कारण त्या काळच्या महाराष्ट्रात लळित, दशावतार, तमाशा आणि बहुरूपी यांतले काहीच ज्याने पाहिले नाही असा माणूस शोधावाच लागला असता. त्यांना दिसले ते प्रेक्षकांविना सोंग. बोहाड्यात किंवा लळितात सोंग गावासाठी असते, गाव समोर असते आणि म्हणून सोंगाला सोंगपण येते. इथे तलवारी परजणारी माणसे होती, पण ती कोणासाठी परजत होती ते दिसत नव्हते, आणि जिच्यासाठी परजायची ती कॅमेऱ्याची लाकडी पेटी अजून उघडलेली नव्हती. कोणासाठीही न केलेले सोंग म्हणजे दरोडाच, हा गावकऱ्यांचा तर्क चुकला असेल, पण मूर्खपणाचा नव्हता. त्याहून अधिक विचार करायला लावणारी गोष्ट म्हणजे तो रिकाम्या कॅमेऱ्यासमोरचा प्रसंग. फौजदार, पाटील आणि जमलेले चार लोक यांच्यापुढे तो झाला, त्यांच्यापुरताच झाला आणि संपला, फितीवर त्याची कुठेही नोंद उरली नाही. त्या चित्रपटाच्या घडणीत बोहाड्याच्या जातीचे म्हणावे असे सोंग तेवढे एकच होते.

नट आणि तो ज्याचे काम करतो ती व्यक्ती यांचा संबंध काय, या प्रश्नावर काश्मीरच्या विचारवंतांनी फार बारकाईने विचार केला आहे. नवव्या शतकातील शंकुकाचे मत दहाव्या-अकराव्या शतकातील अभिनवगुप्ताने नाट्यशास्त्रावरील आपल्या टीकेत दिले आहे. शंकुक म्हणतो की रंगभूमीवरच्या रामाला पाहताना प्रेक्षकाला जे ज्ञान होते ते चार ओळखीच्या प्रकारांपैकी कोणत्याच प्रकारात बसत नाही: हा रामच आहे असे खात्रीचे ज्ञान ते नव्हे, आधी राम वाटला आणि मग तो राम नाही असे कळले या जातीचे भ्रमाचे ज्ञान नव्हे, हा राम आहे की नाही असा संशय नव्हे आणि हा रामासारखा आहे असे साम्याचे ज्ञानही नव्हे. चित्रातल्या घोड्याकडे बोट दाखवून आपण ‘हा घोडा’ म्हणतो, तेव्हा आपण फसलेलो नसतो आणि खोटेही बोलत नसतो. या उदाहरणावरून त्या मताला चित्रतुरगन्याय असे नाव पडले. अभिनवगुप्ताने शंकुकाचे सगळे म्हणणे मान्य केले नाही, पण प्रेक्षकाचे ज्ञान हे भ्रमाच्या जातीचे नसते, हा धागा हातचा सोडण्यासारखा नाही. भ्रम असता तर घडण पाहताच तो फिटायला हवा होता, दोरी पाहिली की साप फिटतो तसा. शेजाऱ्याला पाहूनही देवी फिटत नाही, याचा अर्थ मुळात तिथे भ्रम नव्हताच.

सांख्यदर्शनाने दिलेली उपमा याहून वेगळ्या दिशेने जाते. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत प्रकृतीला, म्हणजे जिच्यापासून सारे दृश्य जग उलगडते त्या मूळ तत्त्वाला, नर्तकी म्हटले आहे आणि पुरुषाला, म्हणजे केवळ पाहणाऱ्या चैतन्याला, प्रेक्षक. नर्तकी रंगमंचावर आपले दर्शन घडवून थांबते तशी प्रकृती थांबते. ती इतकी लाजाळू आहे की, पुरुषाने आपल्याला पाहिले हे कळताच ती पुन्हा त्याच्यासमोर येत नाही. इथे पाहणे हेच नाचाचा शेवट घडवते. शूटिंग पाहिलेल्या माणसाला चित्रपट बेचव लागतो, असे जे म्हटले जाते त्याच्या तळाशी हाच विचार आहे, आणि तो अगदी निराधार आहे असेही नाही. एकाच वाक्यासाठी सकाळपासून ऊन मावळेपर्यंत चाललेले रिटेक, उन्हाला वळवून नटाच्या तोंडावर पाडणारे चंदेरी फलक, जनरेटरची घरघर, गर्दीतली माणसे म्हणून आणलेल्यांना दोरीमागे ताटकळत ठेवणारा सहायक, हे सगळे पाहून जो घरी येतो त्याला पडद्यावरचे दोन मिनिटांचे दृश्य जरा तोकडेच वाटणार.

तिसरी उपमा गौडपादांच्या कारिकांवरील, परंपरेने शंकराचार्यांच्या म्हणून मानलेल्या भाष्यातील आहे. एक मायावी, म्हणजे जादूगार, आकाशात दोरा फेकतो, शस्त्र घेऊन त्यावरून वर चढतो, दिसेनासा होतो, तिथे लढतो, त्याचे अवयव तुटून खाली पडतात आणि तो पुन्हा उठून उभा राहतो. पण खरा मायावी दोराही नव्हे आणि वर चढलेलाही नव्हे, तो तर कोणाला न दिसता जमिनीवरच उभा असतो. ज्याला मोक्षाची चाड आहे त्याने त्या जमिनीवर उभ्या असलेल्याची चौकशी करावी, दोऱ्यावरच्याची नव्हे, असा भाष्याचा रोख आहे. चित्रपटाच्या भाषेत सांगायचे तर हे भाष्य माणसाला पडद्यापासून उठवून शूटिंगच्या जागी नेऊ पाहते. ज्ञानेश्वरांनी मात्र ‘अमृतानुभवा’त याहून धीट भूमिका घेतली. त्यांचे गुरू निवृत्तिनाथ यांची समाधी त्र्यंबकेश्वरलाच, फाळक्यांच्या जन्मगावी, आहे, हा योगायोगही नोंदवून ठेवावा. अज्ञान नावाची काही वस्तू आहे आणि तिच्यामुळे जग दिसते, हेच ज्ञानेश्वर नाकारतात. त्यासाठी त्यांनी एक अख्खे प्रकरण खर्ची घातले आहे. दिसणे हा चैतन्याचाच विलास आहे, सोने दागिना झाले म्हणून त्याचे सोनेपण कुठे जात नाही, असे त्यांचे प्रतिपादन आहे. या दृष्टीने पाहिले तर दोऱ्यावरचा आणि जमिनीवरचा असे दोघे निवडून एकाला खोटे ठरवण्याची गरजच उरत नाही. सोंगामागून कमरेशी धरणाऱ्या शेजाऱ्याला पाहूनही देवीला ओवाळणाऱ्या बाईने हे तत्त्वज्ञान वाचलेले नसते, पण तिच्या वागण्याला सर्वांत जवळचे तत्त्वज्ञान हेच आहे.

तेव्हा घडण पाहिल्याने श्रद्धा मोडते हे म्हणणे टिकत नाही. असे असले तरी चित्रपटातल्या देवाबद्दल काहीतरी अडचणीचे आहे ही भावना मागे उरतेच, आणि ती कुठून येते याचा शोध वेगळ्या दिशेने घ्यावा लागतो. पार्थिव पूजेत, म्हणजे मातीची मूर्ती करून ठराविक काळापुरत्या होणाऱ्या पूजेत, दोन टोके असतात. प्रारंभी आवाहन आणि प्राणप्रतिष्ठा होते आणि शेवटी उत्तरपूजा होते. उत्तरपूजेनंतर मूर्ती जागची थोडी हलवतात, आणि त्या बोटभर हालचालीबरोबर देव मोकळा होतो आणि माती पुन्हा माती होते. नदीत बुडवणे हा त्यानंतरचा भाग आहे. वारल्यांच्या लग्नात भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेला पालघट देवीचा चौकही असाच एका कार्यापुरता असतो. कार्य झाले की तो भिंतीवर पुसट होत राहतो आणि पुढच्या लग्नाला नवा काढतात. बोहाड्यात देवीचे सोंग सकाळी उतरते, मुखवटा कापडात गुंडाळून पुढच्या वर्षापर्यंत ठेवून दिला जातो, आणि आतला माणूस घाम पुसून घरी जातो. देव सर्वव्यापी असेल तर तो येतो कुठून आणि जातो कुठे, असा आक्षेप यावर निघू शकतो, आणि ज्ञानेश्वरांच्या बाजूने तो जोरातच निघेल. त्याला उत्तर असे की, विसर्जनाची गरज देवाला नसतेच. ती मातीला असते आणि त्याहून अधिक सोंग घेतलेल्या माणसाला असते.

चित्रपटसृष्टीत आवाहन आहे. मुहूर्ताच्या दिवशी कॅमेऱ्याला हळदकुंकू लागते, हार पडतो, नारळ फुटतो. विसर्जन मात्र नाही. शेवटच्या दिवशी ‘पॅक-अप’ होते, म्हणजे सामान मोजून गाडीत भरले जाते. चित्रीकरण चालू असताना दर दृश्याच्या अखेरीला दिग्दर्शक ‘कट’ म्हणतो आणि त्या शब्दासरशी रामाचे खांदे सैल पडतात, सीता पंख्याकडे वळते, धनुष्य कोणीतरी काढून घेते. हे एक लहानसे विसर्जनच असते, पण संकलनात सर्वांत आधी तेच कापले जाते. ‘कट’ कापून टाकलेला देव पडद्यावर जातो. म्हणून शूटिंग पाहणारा आणि चित्रपट पाहणारा यांच्यातला फरक, एकाला सत्य कळले आणि दुसरा मायेत राहिला, असा मांडण्यापेक्षा पहिल्याने देव आलेला आणि गेलेला असे दोन्ही पाहिले, दुसऱ्याने फक्त आलेला पाहिला, असा मांडणे अधिक योग्य होईल. जामसरच्या माळावर उद्या एखाद्या मोठ्या पौराणिक चित्रपटाचा ताफा उतरला, तर तेथील बोहाडा पाहत वाढलेल्या माणसाला त्या चित्रीकरणात अनोळखी असे फार थोडे असेल, आणि मुंबईच्या चित्रपटगृहात बसलेल्या प्रेक्षकापेक्षा त्याचे पाहणे पुरे असेल.

देव फक्त आलेलाच पाहिला तर काय होते याचे दाखले भरपूर आहेत. फाळक्यांच्या १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये अण्णा साळुंके या एकाच नटाने राम आणि सीता अशी दोन्ही कामे केली होती, आणि पडद्यावर राम आला की प्रेक्षक पायांतली पायताणे काढत. प्रभातच्या १९३६ मधील ‘संत तुकाराम’मध्ये विष्णुपंत पागनीस तुकाराम झाले आणि पुढे जन्मभर त्यांना लोक तुकाराम म्हणूनच नमस्कार करत राहिले. त्याच चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी लिहिलेला एक अभंग तुकारामांचाच म्हणून लोकांच्या तोंडी बसला, इतका की जाणकारही फसले. हा आठवल्यांच्या शब्दसिद्धीचा गौरव आहे खरा. पण सतराव्या शतकातल्या संताच्या गाथेला विसाव्या शतकातल्या पटकथेतून एक अभंग जोडला जावा आणि तो वेगळा काढणे अवघड होऊन बसावे, हे सोंग उतरवायचे राहून गेल्याचे लक्षण आहे. ‘रामायण’ मालिकेच्या वेळी घरोघर दूरदर्शनसंचाला हार आणि उदबत्ती होती. सीतेचे काम केलेल्या दीपिका चिखलिया १९९१ मध्ये लोकसभेवर निवडून गेल्या, ‘महाभारत’ मालिकेत कृष्ण झालेले मराठी नट नितीश भारद्वाज १९९६ मध्ये जमशेदपूरहून निवडून गेले, आणि रामाचे काम केलेले अरुण गोविल थेट २०२४ मध्ये, म्हणजे मालिकेनंतर साडेतीन दशकांहून अधिक काळ उलटल्यावर, मेरठहून लोकसभेत पोचले. या व्यक्तींच्या योग्यतेबद्दल येथे काही म्हणायचे नाही. मुद्दा मुखवट्याचा आहे: बोहाड्यातला भीम दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीत गेला तर त्याला कोणी भीम म्हणून ऐकून घेत नाही.

याच धाग्याचे दुसरे टोक उलट्या बाजूने दिसते. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरून जब्बार पटेल यांनी १९७७ मध्ये केलेल्या ‘जैत रे जैत’ या चित्रपटात ठाकर समाजाचे जीवन आहे. पुण्यवंत होण्याची आस धरलेला, मधमाशीमुळे डोळा गमावलेला आणि देवाच्या डोंगरालाच आव्हान देणारा नाग्या त्याच्या केंद्रस्थानी आहे. नाग्या झाले मोहन आगाशे आणि नायिका चिंधी झाल्या स्मिता पाटील. चित्रपट चांगलाच आहे, आणि नाग्याच्या हट्टात जो धार्मिक पेच आहे, की माणसाने सूड घेतला तर तो माशीचा की देवाचा, तो मराठी चित्रपटात क्वचितच इतक्या सरळपणे मांडला गेला असेल. पण जव्हार-मोखाड्याच्या ठाकराने तो पाहिला तर त्याला जे दिसते ते विलक्षण आहे: बोहाड्यात तो देवाचे सोंग घेतो, इथे दुसऱ्याने त्याचे सोंग घेतलेले असते. देवाला आपले सोंग घेतलेले पाहून काय वाटत असेल, हा प्रश्न तत्त्वज्ञांनी फारसा विचारलेला नाही, आणि त्याचे उत्तर देण्याची पात्रता बहुधा अशाच माणसांकडे आहे ज्यांची सोंगे इतरांनी घेतली. ते उत्तर रागाचेच असेल असे नाही. ज्याने स्वतः वर्षानुवर्षे मुखवटा बांधला आहे, त्याला सोंग नीट नाचवले की नाही हे तर आधी कळते.

चित्रफीत नाशवंत असते, तेव्हा काळच तिचे विसर्जन करतो, असा एक युक्तिवाद होऊ शकेल. जुन्या फिती नायट्रेटच्या असत, त्या आपोआप कुजत आणि भडकन पेट घेत. ‘राजा हरिश्चंद्र’ आज पूर्ण उपलब्ध नाही. जी रिळे उरली आहेत ती १९१३ ची की फाळक्यांनी पुढे पुन्हा केलेल्या आवृत्तीची, याबद्दलही अभ्यासकांत मतभेद आहेत. २००३ च्या जानेवारीत पुण्यात लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या अशा कितीतरी फिती जळून गेल्या. परंतु नाश आणि विसर्जन एक नव्हे. घरातली मूर्ती हातून पडून फुटली तर त्याला कोणी विसर्जन म्हणत नाही, उलट मनाला रुखरुख लागते. विसर्जनात निरोप असतो, ठरलेली वेळ असते, आणि पुढच्या वर्षी लवकर या असे म्हणण्याची सोय असते.

आता तर बोहाड्याचेही चित्रीकरण होते. वाटेच्या दुतर्फा उभ्या असलेल्या तरुणांच्या हातांत मोबाईल असतात, मागचा शेजारी चौकटीत येऊ नये म्हणून कोणी दोन पावले सरकून उभा राहतो, आणि रात्री नाचलेले सोंग उजाडण्याआधीच वसई-विरारला कामावर गेलेल्या भावंडांच्या हातात पोचलेले असते. दूर असलेल्यांना गावच्या देवीचे दर्शन घडते, याचे मोल कमी लेखता येणार नाही. सकाळी महिषासुर पडतो, ओवाळणी होते, देवीचा मुखवटा उतरवून कापडात बांधला जातो आणि रात्रभर जागलेला माणूस ओसरीवर टेकून पाणी मागतो. त्याला पाणी आणून देणारा पुतण्या दुसऱ्या हातातला मोबाईल त्याच्यापुढे धरतो, आणि तिथे देवी अजून नाचत असते.